जुळ्यांच्या रक्तावरून रेफरन्स रेंज आणि आनुवंशिकता : आराखडा तपासून हवा आहे

सीरम_सेपरेटर

निरोगी प्रौढ जुळ्यांचा अभ्यास आखतो आहोत. एकबीज (एकाच फलित बीजातून, जनुकं तीच) ६० जोड्या, द्विबीज (दोन बीजांतून, साध्या सख्ख्या भावंडांसारखी) ६० जोड्या, वय २० ते ५०, स्त्री-पुरुष साधारण निम्मे निम्मे. एकूण २४० व्यक्ती. प्रत्येकाचं रक्त एकदाच घ्यायचं आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), यकृताच्या तपासण्या, लिपिड, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडसाठी) करायच्या.

यातून दोन गोष्टी हव्या आहेत. एक, माणसामाणसांत या आकड्यांचा जो फरक दिसतो त्यातला आनुवंशिकतेचा वाटा. दोन, याच २४० जणांवरून रेफरन्स रेंज, म्हणजे निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे ज्या दोन मर्यादांमध्ये येतात ती. रेंजसाठी किमान १२० माणसं लागतात, आपल्याकडे दुप्पट आहेत.

शंका अशा : आनुवंशिकतेसाठी फाल्कनरच्या साध्या वजाबाकीच्या सूत्रावर भागेल की संख्याशास्त्रीय मॉडेल बसवावंच लागेल? जोडीतल्या दोघांचे नमुने एकाच बॅचमध्ये लावावेत की मुद्दाम वेगळे? जोडी एकबीज की द्विबीज हे प्रश्नावलीवरून ठरवलं तर चालेल का? आणि समजा एखाद्या तपासणीची आनुवंशिकता ६०-७० टक्के निघाली, तर तिची रेंज जनुकांनुसार वेगळी असावी असं लिहिता येईल का?

---

टक्केवारी_९७

आधी १२० चं बघू. सीएलएसआय या प्रयोगशाळांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ईपी२८ मार्गदर्शिकेतले १२० हे एकमेकांशी संबंध नसलेल्या व्यक्तींचे आहेत. १२० आकडे चढत्या क्रमाने लावले की खालची मर्यादा तिसऱ्या आकड्यावर पडते आणि वरची ११८ व्या. खालच्या मर्यादेचा ९० टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरी मर्यादा जिथे असू शकते तो पट्टा) पहिल्यापासून सातव्या आकड्यापर्यंत जातो. म्हणजे सगळी मदार सात माणसांवर. त्या सातांत एखादी एकबीज जोडी हमखास सापडते, कारण एक टोकाला असला की दुसराही त्याच्या जवळपास असतो. मग सातांची माहिती सहाच माणसांची उरते.

किती नुकसान होतं त्याचा अंदाज सोपा आहे : एकूण व्यक्ती भागिले (१ + जोडीतला सहसंबंध). सहसंबंध म्हणजे दोघांचे आकडे किती बरोबरीने चालतात त्याचं माप, १ म्हणजे पूर्ण साम्य. एकबीज सहसंबंध ०.८ धरला तर १२० व्यक्ती म्हणजे ६७, द्विबीज ०.४ धरला तर १२० म्हणजे ८६. एकूण १५३ च्या आसपास. सूत्र सरासरीसाठीचं आहे, टोकाच्या मर्यादांना फटका याहून थोडा कमी बसतो. पण हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, फेरिटिन यांच्या रेंज स्त्री-पुरुष वेगळ्या काढाव्या लागणार. तिथे प्रत्येक बाजूला ७५-८० च उरतात आणि १२० ची अट मोडते.

एक दिलासा : जुळी घेतल्याने मर्यादा स्वतः एका बाजूला सरकत नाही, फक्त तिचा इंटरव्हल खोटा अरुंद दिसतो. त्यामुळे सगळ्यांचा डेटा वापरा, पण बूटस्ट्रॅप (डेटातून पुन्हा पुन्हा नमुने उचलून इंटरव्हल काढणं) करताना व्यक्ती उचलू नका, अख्खी जोडी उचला. प्रत्येक जोडीतून एकालाच चिठ्ठीने निवडणं हा दुसरा मार्ग. तो स्वच्छ आहे, पण निम्मा डेटा वाया जातो.

आता फाल्कनर. आनुवंशिकता = २ × (एकबीज सहसंबंध − द्विबीज सहसंबंध). समजा ०.७ आणि ०.४ आले, तर उत्तर ०.६. दिसायला छान. पण ६० जोड्यांवर ०.७ चा स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) ०.०६६ आहे, ०.४ चा ०.१०९. वजाबाकीत दोन्ही एरर एकत्र येतात आणि वर त्यांना २ ने गुणलं जातं. शेवटी स्टँडर्ड एरर ०.२६, म्हणजे ९५ टक्के इंटरव्हल ०.१० ते १.१०. आनुवंशिकता १० टक्के ते ११० टक्के यांच्यामध्ये कुठेतरी आहे, हे सांगायला १२० जोड्यांचं रक्त काढायची गरज नव्हती.

प्रत्येकी ४०० जोड्या असतील तर हाच इंटरव्हल ०.४१ ते ०.७९ होतो. तेवढ्या जमत नसतील तर निदान द्विबीज जोड्या जास्त घ्या. एरर मुख्यतः त्यांच्याच बाजूने येतो.

मॉडेल बसवाच. आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधलं ओपनएमएक्स पॅकेज पुरेसं आहे. एकबीज जोडीतलं सहप्रसरण (दोघांत सामायिक असलेला फरकाचा भाग) = आनुवंशिक वाटा + सामायिक वातावरण, द्विबीज जोडीतलं = अर्धा आनुवंशिक वाटा + सामायिक वातावरण, उरलेला सगळा वैयक्तिक वाटा. फायदा हा की जोडीतल्या एकाचा नमुना बाद झाला तरी दुसऱ्याचा वापरता येतो, आणि वय-लिंग सरासरीच्या समीकरणात टाकता येतं. वय टाकायलाच हवं. जोडीतल्या दोघांचं वय तेच असतं, त्यामुळे वयाबरोबर चढणारं कोलेस्टेरॉल दोन्ही प्रकारच्या जोड्यांत सारखंच साम्य निर्माण करतं आणि ते सामायिक वातावरणाच्या खात्यात जमा होतं. बीएमआय मात्र सवयीने टाकू नका. तो स्वतःच बराच आनुवंशिक आहे. तो काढलात तर त्याच्या वाटेने येणारा जनुकांचा परिणामही निघून जातो.

टीएसएच, फेरिटिन, ट्रायग्लिसराइड, एएलटी (यकृताचं एन्झाइम) यांचा आधी लॉग (लॉगॅरिदम) घ्या. न घेतल्यास दोन-चार मोठे आकडेच सहसंबंध ठरवतात.

---

टूर्निकेट

बॅचबद्दल. बरेच जण म्हणतात की जोडी एकाच बॅचमध्ये लावली तर साम्य खोटं वाढतं, म्हणून वेगळी लावा. अर्धंच खरं आहे. एकत्र लावल्याने एकबीज आणि द्विबीज दोन्हींचं साम्य सारख्याच मापाने वाढतं, ते सामायिक वातावरणात जातं, आनुवंशिक वाटा फुगत नाही. वेगळी लावली तर तोच फरक वैयक्तिक वाट्यात जातो. आनुवंशिकता फुगते ती एकबीज जोड्यांना एक वागणूक आणि द्विबीज जोड्यांना दुसरी मिळाली की. आणि ती मिळते, नकळत. एकबीज जुळी बहुतेक वेळा बरोबर येतात, एकाच सकाळी, एकाच उपवासाने. द्विबीज जोडीतला एक या आठवड्यात, दुसरा तीन महिन्यांनी, मधल्या काळात रिएजंटचा (तपासणीच्या रसायनाचा) लॉट बदललेला.

म्हणून नियम एकच : जोडी कुठल्याही प्रकारची असो, दोघं एकाच सकाळी यायला हवेत. नाही आले तर दोघांनाही पुढची तारीख. नमुने एकाच रनमध्ये (मशीनच्या एका फेरीत), प्रत्येक रनमध्ये दोन्ही प्रकारच्या जोड्या मिसळलेल्या, आणि मशीन चालवणाऱ्याला कोणती जोडी कोणती हे माहीत नाही. रेंजसाठी मात्र सगळं काम दोन दिवसांत उरकू नका. रोजच्या कामात जेवढा दिवसागणिक फरक असतो तेवढा रेंजमध्ये उतरायला हवा, म्हणून रन अनेक आठवड्यांवर आणि किमान दोन लॉटवर पसरवा.

रक्त काढण्याची शिस्त : सकाळी ८ ते १०, १० ते १२ तासांचा उपवास, आदल्या दोन-तीन दिवसांत जोरदार व्यायाम नाही, नाहीतर सीके (स्नायूंतलं एन्झाइम) आणि त्याच्या मागोमाग एएसटी (यकृताबरोबर स्नायूंतही असणारं एन्झाइम) वर जातं. टीएसएच रात्री सर्वांत जास्त असतं आणि दिवसा उतरतं, म्हणून वेळेची सवलत देऊ नका. खुर्चीत १५ मिनिटं बसवून मग सुई. हे पंधरा मिनिटांचं लोकांना फालतू वाटतं, पण आडवं पडलेला माणूस उभा राहिला की प्लाझ्मातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर जातं आणि हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन, कोलेस्टेरॉल ५ ते १० टक्क्यांनी घट्ट होतं. जोडीतला एक आत बसलेला आणि दुसरा जिना चढून थेट टेबलावर, असं झालं तर हा फरक तुम्ही 'वैयक्तिक वातावरण' म्हणून छापाल. टूर्निकेट (दंडाला बांधायचा पट्टा) एका मिनिटाच्या आत सोडा, मूठ उघड-मीट करायला लावू नका, पोटॅशियम चढतं.

सीरम दोन तासांच्या आत वेगळं करा. सीबीसी गोठवता येत नाही, ती त्याच दिवशी. ईडीटीएमध्ये (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनात) ठेवलेल्या पेशी फुगतात आणि एमसीव्ही (लाल पेशींचं सरासरी आकारमान) वाढतो, म्हणून नळी काढल्यापासून मशीनपर्यंतचा वेळ सगळ्यांचा सारखा ठेवा आणि नोंदवा. एलडीएच (पेशींतलं एक एन्झाइम) करणार असाल तर ते ताज्या सीरमवर, गोठवल्यावर त्याची क्रिया घटते. बाकीचं सीरम उणे ८० ला, छोट्या छोट्या भागांत, एकदाच वितळवायचं.

'निरोगी' कोण, हे आधी लिहून ठेवा : आजार, औषधं, गर्भनिरोधक गोळ्या, गरोदरपण, हल्लीचा ताप, दारू. आकडा बघून माणूस बाद करू नका. टोकं छाटली की पसारा आक्रसतो आणि सहसंबंध घसरतो. फेरिटिनबरोबर सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी तपासणी) कराच, साधी सर्दीसुद्धा फेरिटिन वर नेते.

---

तिसरा_अलील

प्रश्नावलीवर थांबू नका. 'लहानपणी ओळखीचे लोक तुमच्यात गल्लत करायचे का' या धर्तीचे प्रश्न साधारण ९५ टक्के जोड्या बरोबर ओळखतात. उरलेल्या ५ टक्क्यांची किंमत : वरच्याच उदाहरणात ६० पैकी ३ जोड्या दोन्हीकडून उलटसुलट झाल्या, तर ०.७ चे ०.६८५ होतात, ०.४ चे ०.४१५ आणि आनुवंशिकता ०.६० वरून ०.५४. चूक नेहमी खालच्याच दिशेने जाते.

१५-१६ एसटीआर मार्करचं (डीएनएतल्या माणसागणिक बदलणाऱ्या आवर्तनांच्या खुणांचं) किट पुरतं. सगळे जुळले तर एकबीज. सख्ख्या भावंडांत एवढे सगळे मार्कर योगायोगाने जुळण्याची शक्यता लाखात एकाहूनही कमी आहे. एकच मार्कर जुळला नाही तर लगेच द्विबीज लिहू नका, अलील (मार्करच्या दोन प्रतींपैकी एक) निसटलेला असू शकतो किंवा म्युटेशन असू शकतं, पुन्हा चालवा. तीन-चार नाही जुळले तर विषय संपला.

आता खरी मेख. डीएनए कुठून काढणार? रक्त हाताशी आहे म्हणून रक्तातून काढाल तर द्विबीज जोड्यांत फसू शकता. गर्भात वारेच्या (प्लासेंटाच्या) रक्तवाहिन्या जोडल्या गेल्या असतील तर एकाच्या मूळ रक्तपेशी दुसऱ्याच्या अस्थिमज्जेत जाऊन कायमच्या वस्तीला राहतात. रक्तगटाच्या बारीक तपासणीत द्विबीज जुळ्यांपैकी सुमारे ८ टक्क्यांत असं मिश्रण सापडलेलं आहे, बहुतेकांत अगदी अल्प प्रमाणात. एसटीआरच्या आलेखात ते असं दिसतं : दोन उंच शिखरांच्या शेजारी तिसरं बुटकं शिखर, कधी चौथंही, आणि ते एकाच नव्हे तर अनेक मार्करवर. नवखा माणूस त्याला दूषित नमुना समजून फेकून देतो. गालाच्या आतला स्वॅब घ्या. त्यातही थोड्या पांढऱ्या पेशी येतात, पण गोंधळ खूपच कमी होतो. शंका राहिली तर मुळासकट उपटलेला केस.

मिश्रण असलेली जोडी रक्तपेशींच्या तपासण्यांच्या विश्लेषणातून वेगळी ठेवा. दोघांची अस्थिमज्जा काही अंशी एकच असेल तर प्लेटलेटचा सहसंबंध मोजून काय सांगणार?

आणि जन्मतःच्या रेंजसाठी हा डेटा कुणी वापरू पाहिला तर थांबवा. एकाच वारेवर वाढलेल्या जुळ्यांत एकाचं रक्त दुसऱ्याकडे वळल्यामुळे जन्मावेळचं हिमोग्लोबिन एकाचं कमी, दुसऱ्याचं भरमसाठ असू शकतं. जनुकं तीच, आकडे दोन टोकांना. प्रौढ वयात हा प्रश्न उरत नाही.

---

सेटपॉइंट

चौथ्या शंकेचं उत्तर : नाही लिहिता येणार. आनुवंशिकता हे गुणोत्तर आहे, आणि भाजकात वातावरण बसलेलं आहे. अमेरिकी पुरुष जुळ्यांवरच्या २०१० च्या एका अभ्यासात ड जीवनसत्त्वाची आनुवंशिकता हिवाळ्यात सुमारे ७० टक्के निघाली आणि उन्हाळ्यात जवळजवळ शून्य. जनुकं ऋतूप्रमाणे बदलत नाहीत. ऊन भरपूर असलं की उन्हाचाच फरक बाकी सगळ्याला झाकून टाकतो.

तुमच्या आराखड्यात एक मोठं भोक आहे : रक्त एकदाच. एकाच माणसाचा आकडाही दिवसागणिक हलतो, आणि तो हलणारा भाग एकबीज जुळ्यांत सारखा असायचं काही कारण नाही. त्यामुळे एकबीज सहसंबंधाला एक छत असतं. त्याच माणसाच्या दोन वेळच्या आकड्यांतल्या सहसंबंधाच्या वर तो सहसा जात नाही. टीएसएचचं उदाहरण. स्वतःतला फरक १८ टक्के, माणसामाणसांतला ३६ टक्के असं धरू. वर्ग केले तर ३२४ आणि १२९६, म्हणजे छत ०.८०. डेन्मार्कमधल्या निरोगी जुळ्यांवरच्या २००४ च्या अभ्यासात टीएसएचची आनुवंशिकता सुमारे ६४ टक्के होती. ०.६४ भागिले ०.८० म्हणजे ०.८०. त्या माणसाची स्वतःची जी बैठक आहे, जिच्याभोवती आकडा वरखाली होतो, तिच्या फरकातले ८० टक्के आनुवंशिक. एका नमुन्यावर थांबलात तर ६४ आणि ८० यांतला फरक तुम्हाला दिसणारच नाही. तो 'वातावरण' म्हणून छापला जाईल.

आता रेंजकडे. समजा आनुवंशिक भाग पूर्णपणे कळला, एकही जनुक सुटलं नाही. ६४ टक्के आनुवंशिकतेला उरलेला पसारा ०.३६ चं वर्गमूळ, ०.६. रेंज फक्त ४० टक्क्यांनी अरुंद. एकबीज भावाचा आकडा हाती असेल आणि सहसंबंध ०.६४ असेल, तर अरुंद होते २३ टक्क्यांनी. जनुकांच्या गुणांकनाने (अनेक जनुकांचे परिणाम एकत्र करून काढलेल्या आकड्याने) १० टक्के फरक समजावला तर ५ टक्क्यांनी. आणि क्रिएटिनिनमध्ये, स्वतःतला फरक ५ टक्के आणि माणसामाणसांतला १४ टक्के धरला, तर त्या माणसाचे स्वतःचेच मागचे चार-पाच रिपोर्ट रेंज जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर आणतात. डीएनए न काढता. हॅरिस या संख्याशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये हे मांडलं होतं : स्वतःतला फरक भागिले माणसामाणसांतला फरक ०.६ च्या खाली असेल तर सर्वांसाठीची रेंज त्या माणसाबद्दल फार कमी सांगते, १.४ च्या वर असेल तरच ती कामाची. बहुतेक नेहमीच्या तपासण्या ०.६ च्या खालीच आहेत. जुळ्यांचा अभ्यास सांगतो की हे असं का आहे, ही रुंदी कुठून येते. रिपोर्टवर काय छापायचं हे तो सांगत नाही.

जनुकांनुसार वेगळी रेंज खरंच लागते ती तिथे, जिथे एकच जनुक मोठा धक्का देतं. डफी-नल असलेल्यांत (लाल पेशींवर डफी प्रथिन नसलेल्यांत) न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मुळातच कमी असतात आणि त्यांना काही त्रास नसतो. बिलिरुबिनची विल्हेवाट लावणाऱ्या यूजीटी१ए१ जनुकाच्या प्रवर्तकात (जनुक चालू करणाऱ्या भागात) टीए ची सहाऐवजी सात आवर्तनं आई-वडील दोन्ही बाजूंनी आली की बिलिरुबिन वर असतं, यालाच गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात. ओ रक्तगटात व्हॉन विलेब्रांड फॅक्टर (रक्त गोठायला मदत करणारं प्रथिन) सुमारे २५ टक्क्यांनी कमी. लुईस-निगेटिव्ह (लुईस रक्तगट नसलेला) माणूस सीए १९-९ (कर्करोगात तपासतात ते द्रव्य) बनवतच नाही, त्याला रेंज लावणंच व्यर्थ. यातली एकही गोष्ट आनुवंशिकतेच्या टक्केवारीतून कळत नाही. ती कळते आकड्यांच्या आलेखात दोन उंचवटे दिसले की.

तुमच्या डेटात हे कुठे भेटेल तेही सांगतो. बिलिरुबिनमध्ये द्विबीज सहसंबंध एकबीजाच्या निम्म्याहून कमी येऊ शकतो, समजा ०.७ आणि ०.२५. फाल्कनरने उत्तर ०.९ येतं, म्हणजे खुद्द एकबीज सहसंबंधापेक्षा जास्त. हे अशक्य आहे. अप्रभावी जनुक असलं की असंच होतं. सामायिक वातावरणाचा भाग काढून मॉडेलमध्ये प्रभाविता (जनुकाच्या एका प्रतीने दुसरीचा परिणाम झाकणं) टाका. एमसीव्हीमध्ये बीटा थॅलेसीमियाचे वाहक शिरले तर आनुवंशिकता एकट्या त्या जनुकाने वाढते. एमसीव्ही कमी आणि लाल पेशी भरपूर असं दिसलं की हिमोग्लोबिन ए२ करा, ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर ती व्यक्ती रेंजमधून बाहेर, आणि विश्लेषण तिच्यासह व तिच्याविना असं दोनदा.

---

सीरम_सेपरेटर

सगळ्यांचे आभार. १२० चा हिशेब आमच्या डोक्यात नव्हता. जोड्या २४० पर्यंत नेता येतील असं दिसतंय : एकबीज ९०, द्विबीज १५०. पण मग सगळ्यांचं दोनदा रक्त काढणं झेपणार नाही. दुसरा नमुना काहींचाच घेतला तर चालेल का? आणि धूम्रपान करणाऱ्यांचं काय, बाद करावं?

---

टक्केवारी_९७

९० आणि १५० ला त्याच उदाहरणात इंटरव्हल ०.२६ ते ०.९४. १२०-१२० केलं असतं तरी जवळपास एवढाच आला असता, त्यामुळे विभागणीवर भांडत बसू नका. द्विबीज भावंडं मिळतील तेवढी घ्या. भाऊ-बहीण अशा जोड्याही चालतील, पण त्या वेगळ्या गटात ठेवा, नाहीतर लिंगभेदामुळे घसरलेला सहसंबंध आनुवंशिकता वाढवून दाखवेल.

सेटपॉइंट

काहींचा चालेल. छत मोजायला ४०-५० व्यक्ती पुरेत, प्रत्येक जोडीतून एकच, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, त्याच वेळी, तशाच बसवून. त्यातही प्रत्येक नमुना मशीनवर दोनदा लावा, म्हणजे मशीनची चूक आणि माणसाचं हलणं वेगळं काढता येईल. दोघांचेही दोन-दोन नमुने शक्य असतील तर फक्त टीएसएच आणि फेरिटिनसाठी करा. छत ०.८० असलेल्या तपासणीत दोन नमुन्यांच्या सरासरीने ते ०.८९ होतं. क्रिएटिनिनला छत आधीच एवढं आहे, तिथे पैसे घालवू नका.

टूर्निकेट

धूम्रपान करणाऱ्यांना रेंजमधून वगळा, जुळ्यांच्या विश्लेषणातून नको. एक ओढतो आणि दुसरा नाही अशी एकबीज जोडी मिळाली तर पांढऱ्या पेशींमधला फरक जनुकांमुळे नाही हे तिथे थेट दिसतं. फक्त अर्जावर 'ओढता का' एवढंच विचारू नका : रोजच्या किती, किती वर्षं आणि शेवटची कधी ओढली, रक्त काढायच्या आधी किती मिनिटं.